एका तारखेची एकच भरती

मधू,

तू गेल्याला आज अकरा दिवस झाले आणि माझा राग काही उतरलेला नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायचं असतं, हे मलाही कळतं. गेले दहा दिवस मी दुसरं काय करतोय? एडवणला तुझ्या वाडीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देतोय, खुर्च्या सरकवतोय आणि 'हो ना, फार मोठा माणूस' म्हणून मान हलवतोय. सुलभावहिनी परवा म्हणाल्या, "भावोजी, कॉलेजच्या अंकात तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं ह्यांना कोण ओळखतं?" अंकासाठी लिहीन काहीतरी गुळगुळीत. हे मात्र फक्त तुला लिहितोय, त्यामुळे इथे कुणाची भीड ठेवायचं कारण नाही.

आधी उपकाराचं बोलून घेतो, नाहीतर पुढे ते राहून जाईल. मी पालघरच्या कॉलेजात गणित शिकवणारा साधा मास्तर होतो, तोही हंगामी. तू मुंबईत मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर पंधरा वर्षं काढून, वडील अंथरुणाला खिळले म्हणून, पानवेलीची वाडी सांभाळायला गावी परतलास. वर्षभरात कंटाळलास आणि प्रिन्सिपॉलांच्या डोक्यात खूळ भरवलंस की पालघरात संगणकाचा पदव्युत्तर वर्ग काढू. लोक हसले. तुला जोडीला एक माणूस हवा होता आणि कॉलेजकडे फुकटात देण्यासारखा मीच होतो.

"तुला संगणक येतो?" तू विचारलंस.

"नाही."

"उत्तम. म्हणजे वाईट सवयी लागलेल्या नाहीत."

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी मी सरावलीहून एसटीनं यायचो आणि तुझ्या ओटीवर बसून शिकायचो. चाळिशीला आलेला माणूस मांडीवर वही घेऊन बसलेला बघून तुझे वाडीतले गडी गालात हसायचे. थंडीत वहिनी उकडहंडी लावायच्या, मडक्यात शेंगा-कंद भरून जाळात उकडायच्या, आणि हंडी फुटेपर्यंत तू मला उठू द्यायचा नाहीस. एक प्रोग्रॅम सतरा वेळा लिहून घेतला होतास, आठवतं? अठराव्या वेळी म्हणालास, "आता हा दुसऱ्या कुणाला वाचता येईल." माझ्या बापानं मला शाळेत घातलं आणि तू मला पुन्हा शाळेत घातलंस. ते मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर राग करणं सोपं गेलं असतं.

शनिवारी दुपारचा आपला वर्ग. बोईसरच्या कारखान्यांतून पहिली पाळी संपवून येणारी मुलं, पायात अजून कारखान्याचे बूट. तारापूरच्या वसाहतीतली मुलं, इस्त्रीच्या शर्टात. एकूण अठरा जण, सगळे पदवीधर, काहींची तर लग्नं झालेली. विषयाचं नाव 'प्रगत सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग', आणि मशीनं चार. त्यातलं एक कायम उघडून ठेवलेलं, उरलेली तीन वीज असेल तर चालायची. विद्यापीठाचा तपासनीस आला तेव्हा मी घाबरलो होतो. तू त्याला सरळ सांगितलंस, "मशीन लागतं टंकायला. विचार करायला कागद पुरतो." आणि त्याला पारायण दाखवलंस.

पारायण हे मुलांनी दिलेलं नाव. तुझ्या पुस्तकी भाषेत ते प्रोग्रॅमचं सामूहिक परीक्षण होतं. ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्यानं खिडकीशेजारच्या खुर्चीत तोंड मिटून बसायचं. तिला मुलं मौनीबाबाची खुर्ची म्हणायची. दुसऱ्यानं कुणीतरी तो प्रोग्रॅम ओळीओळीनं मोठ्यानं वाचायचा आणि प्रत्येक ओळ काय करते ते साध्या भाषेत सांगायचं. बाकीच्यांनी चुका शोधायच्या. टेबलाशी सूत्रधार, म्हणजे मी. हातात लाकडी डस्टर. मौनीबाबानं तोंड उघडलं की डस्टर टेबलावर आपटायचं. कारखान्यात काम करणारा तो उत्तरेकडचा मिश्रा, त्याला गप्प बसणं जन्मात जमलं नाही. "सर, मैं तो बस इतना बोल रहा था कि..." ठाण्. सगळा वर्ग हसायचा आणि तोही हसायचा.

"लेखक बोलायला लागला की प्रोग्रॅम ऐकू येत नाही," तू सांगायचास. "उद्या तुम्ही नोकरी सोडून जाल. मग तुमचा प्रोग्रॅम तिसराच कोणी उघडेल. तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी बसून 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं सांगणार आहात का?"

शेवटी वही. लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक चुकीपुढे ओळीचा क्रमांक आणि ती शोधणाऱ्याचं नाव. चूक करणाऱ्याचं नाव कधीच लिहायचं नाही, शोधणाऱ्याचं मात्र लिहायचंच, हा तुझा नियम. खाली सूत्रधारानं निष्कर्ष लिहायचा आणि सगळ्यांनी सह्या करायच्या. पंचवीस-तीस वर्षांच्या बाप्यांना आपलं नाव त्या वहीत यावं म्हणून धडपडताना मी बघितलंय. तसं शिकवणं मी नंतर कुठे पाहिलं नाही. मी स्वतःही तसं शिकवू शकत नाही.

आता नयनाचं. तू असतास तर इथे विषय बदलला असतास.

तारापूरजवळच्या कोळीवाड्यातली नयना. बापाची होडी, आई बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. घरातली पहिली पदवीधर. वर्गात बोलायची कमी, पण वाचायची अशी की ओळ सोडायची नाही. दोन वर्षांत त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा तिचं नाव आलं, आणि ते तूच मोजून मला सांगितलं होतंस. रविवारी तू तिच्या आईकडूनच मासळी घ्यायचास. ती तुला 'नयनाचे सर' म्हणायची आणि दोन बोंबील जास्तीचे टाकायची. घरी येऊन वहिनींना तू ते कौतुकानं सांगायचास.

त्याच सुमारास तू स्वतः एक प्रोग्रॅम लिहिलास. किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीसाठी. ओहोटीला त्यांच्या खाडीत नुसता चिखल, होड्या कुशीवर पडलेल्या. बाहेर पडायचं ते भरतीलाच. म्हणजे कुठल्या होडीला बर्फ आणि डिझेल कधी लागणार हे भरतीवरून ठरतं. तू पंचांगातली तिथी घेतलीस, कोळ्यांचाच हिशोब घेतलास, तिथीची पाऊणपट केली, वर त्या खाडीपुरता पाऊण तास धरला की भरतीची वेळ. त्यात बारा तास पंचवीस मिनिटं मिळवली की दुसरी भरती. महिन्याभराचा तक्ता छापून निघायचा. वर्गात तू तो कडेला भोकं असलेला लांबलचक कागद धरून दाखवलास तेव्हा तुझा चेहरा मुलगा पहिला आल्यासारखा होता. इतकी वर्षं परक्यांच्या कंपन्यांसाठी लिहिलंस, हे पहिल्यांदाच आपल्या किनाऱ्यासाठी होतं. तुझा तो आनंद खरा होता, मधू.

सोसायटीला द्यायच्या आधी मुलांनीच आग्रह धरला, सरांच्या प्रोग्रॅमचं पारायण करू. तू लगेच तयार झालास. हसत हसत मौनीबाबाच्या खुर्चीत जाऊन बसलास. वाचायला नयना, टेबलाशी मी.

दीड तास सगळं सुरळीत चाललं. दोन किरकोळ चुका निघाल्या, त्या वहीत गेल्या. मग ती एका ओळीशी थांबली. "वेळ चोवीसच्या पुढं गेली तर चोवीस वजा करायचे," तिनं वाचलं. "बरोबर. पण तारीख?"

कुणाला काही कळलं नाही. ती म्हणाली, "सर, चोवीस वजा केले म्हणजे मध्यरात्र उलटली. मंग तारीख पन एकानं पुढं जायाला पायजे. हितं ती जात नाय. पुनवेच्या, आवसेच्या टायमाला एका तारखेला एकच भरती पडते. दुसरी जाते रात्री बारानंतर, म्हणजे दुसऱ्या तारखेला. ह्यो तक्ता ती आदल्याच तारखेला दाखवील."

खुर्चीतून तू बोललास. "दिवसाला भरत्या दोन. चौथीच्या भूगोलात आहे."

डस्टर माझ्या हातात होतं.

"भूगोलात हाय सर," ती म्हणाली. "पन पाण्याला आपली तारीख कुठं ठाऊक हाय? आमी बगतो ना दर महिन्याला."

तू उठलास. फळ्यापर्यंत आलास. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "नयना, हा पदव्युत्तर वर्ग आहे. इथे पुराव्यानं बोलायचं असतं. मासळीबाजारात बोलतात तसं नाही."

मागच्या बाकावरचे दोघे हसले. ती उभी होती ती खाली बसली आणि कागद नीट घड्यांवर दुमडून टेबलावर ठेवला. समुद्र तुझ्या वाडीपासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणापासून त्याची गाज ऐकत झोपलास, आणि रात्री बारानंतर त्याचं काय होतं हे बघायची वेळ तुझ्यावर कधी आली नाही. पानवेलीला भरतीशी काय घेणं? पण तिला होतं, आणि तिनं सांगितलेलं खोडायला तुझ्याकडे चौथीचा भूगोल सोडून काही नव्हतं. उरलेली पानं भराभर वाचली गेली. त्या ओळीपुरता वहीत निष्कर्ष लिहिला गेला, 'दोष आढळला नाही'. सह्या झाल्या. तिनं सही केली नाही. पुढच्या शनिवारी ती आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. तिचा शेवटचा प्रकल्प तेवढा राहिला होता. तो राहिला म्हणून पदवी राहिली.

तुझा प्रोग्रॅम सोसायटीला गेला आणि आठ-दहा दिवसांत पुनव आली. ऐन उन्हाळा. पुनवेनंतर सोसायटीचे कारकून कॉलेजात आले, हातात तुझा तक्ता, घामाघूम. "साहेब, बर्फ आला, पन होड्या निघायच्या दुसऱ्या दिवशी. सगळा धक्क्यावर पानी होऊन गेला. होड्यांवरचे तांडेल बोलत होते, आज नाय, उद्या मागवा. पन मी बोललो, छापील हाय, मशीनचं हाय."

तू त्यांना म्हणालास, "तुम्ही आदल्या तारखेची ओळ वाचलीत." त्या म्हाताऱ्या माणसानं तुझ्यासमोर चष्मा पुसून तक्ता पुन्हा वाचला आणि कबूल केलं की असेल, माझंच चुकलं असेल. मी तिथेच बसलो होतो. तुझा मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या दिवशी.

आणि महिन्याभरानं त्या प्रोग्रॅमची फ्लॉपी माझ्या हाती लागली. उघडून पाहिलं तर ती ओळ बदललेली. चोवीस वजा, तारीख अधिक एक. स्वच्छ, सुंदर, तुझ्या शैलीत. सोसायटीला नवा तक्ता गपचूप गेलेला. बदल नोंदवायची वही तूच सुरू केली होतीस, कधी बदललं, का बदललं, चूक कुणी दाखवली. तिथे कोरी जागा. पारायणाच्या वहीतही 'दोष आढळला नाही' तसंच होतं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि चार वर्षं संपलं नाही. आठवतं, बोईसर स्टेशनबाहेर चहा पिताना मी म्हणालो होतो, "मधू, तिचं नाव लिही."

"प्रोग्रॅम आता बरोबर चालतोय ना?"

"तिचं नाव लिही. तुझाच नियम आहे."

तू कपातला चहा बशीत ओतलास आणि पुन्हा कपात ओतलास. मग म्हणालास, "ते माझ्या हातानं होण्यासारखं नाही, वसंता." मी म्हटलं, हात काय लुळा पडलाय? तू पैसे देऊन स्कूटर सुरू केलीस.

त्यानंतर दर दोन-चार महिन्यांनी मी तो विषय काढायचो. तू कधी हसून न्यायचास, कधी चिडायचास. मला एक प्रकारची चटकच लागली होती. वर्गात तू चूक कबूल करण्यावर व्याख्यान दिलंस की मी मागे बसून घसा खाकरायचो. मुलांना वाटायचं सरांना खोकला झालाय. आपली मैत्री त्यात कुरतडली जात होती, दोघांनाही कळत होतं. रविवारचं माझं एडवणला येणं महिन्यावर गेलं, मग सणावारावर. वहिनी विचारायच्या, तेव्हा मी एसटीला दोष द्यायचो. नयनाची आई बाजारात ज्या गल्लीत बसायची त्या गल्लीनं जाणंही मी सोडून दिलं. बायकोला सांगितलं, तिकडची मासळी ताजी नसते.

हे वर्ष तर तुझंच होतं. दोन हजार साल तोंडावर आलेलं आणि बोईसरच्या प्रत्येक कारखान्याला धडकी भरलेली. वर्षाचे दोनच आकडे ठेवले म्हणून जगभरचे संगणक कसे गोंधळणार, हे समजावून द्यायला सगळे तुला बोलावत होते. शेवटच्या व्याख्यानाला मीही आलो होतो. तू फळ्यावर दोन आकडे लिहिलेस, खोडलेस, आणि म्हणालास, "चूक लहान असते. लपवली की मोठी होते." मॅनेजर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

परतताना तुझ्या स्कूटरवर मागे बसून मी म्हणालोच. "जगाचं शतक चुकलं ते बरं समजावलंस. तुझा एक दिवस चुकला होता, त्याचं काय?"

सरावलीच्या फाट्याशी तू स्कूटर थांबवलीस. गाड्या जात होत्या, धूळ उडत होती. माझ्याकडे वळून न बघता म्हणालास, "तू फार चिवट आहेस रे. ये रविवारी. वही घेऊन ये, तुझ्याकडेच आहे ना ती? दोघं मिळून काय ते करू."

मी वही घेऊन आलो नाही. कंटाळा आला असं बायकोला सांगितलं. एवढी वर्षं मागत होतो तेच मिळत होतं, तरी पाय निघेना, आणि का निघेना हे मी स्वतःला विचारलं नाही. मंगळवारी सकाळी वाडीत पाणी लावताना तू खाली बसलास तो उठलाच नाहीस.

म्हणून राग. तू न लिहिता गेलास. एका हुशार मुलीचं शिक्षण मोडलंस, तिच्या आईच्या हातची मासळी खाऊन तिला मासळीबाजार ऐकवलास, आणि चूक तिची नव्हती एवढी एक ओळ लिहायला तुला चार वर्षं पुरली नाहीत. कालपर्यंत मी हे असंच लिहिलं असतं, आणि इथेच थांबलो असतो.

काल कॉलेजच्या सभागृहात तुझी शोकसभा होती. प्रिन्सिपॉल बोलले, कारखानेवाले बोलले, मग मला उठवलं. मी म्हणालो, "सरांनी आम्हाला चूक कबूल करायला शिकवलं." माझ्याच तोंडून ते निघालं आणि मलाच कडू लागलं. लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा मागच्या दारातून एक बाई आत येऊन शेवटच्या रांगेत बसलेली मला दिसली. साडी, हातात पर्स, केस ओढून बांधलेले. मी ओळखलं आणि पुढची वाक्यं विसरलो.

सभा संपल्यावर लोक वहिनींभोवती जमले. मी बाहेर सायकलस्टँडशी येऊन उभा राहिलो. ती तिथेच आली. बोईसरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये असते म्हणाली, मालाच्या पावत्या संगणकावर चढवते. चार वर्षांत मी या प्रसंगाची किती वेळा तयारी केली होती. तिची माफी मागायची, पण तुझ्या वतीनं. तेच सुरू केलं. म्हटलं, "नयना, मधुकर सर त्या दिवशी जे बोलले ते फार वाईट बोलले. त्यांनी तुझं नाव लिहायला हवं होतं. मी त्यांच्याशी शेवटपर्यंत भांडलो."

ती मग म्हणाली, "सर, मधुकर सर आईकडं आलेले ना. तुमाला नाय बोलले?"

"कधी?"

"पुनवेच्या नंतरच. भर बाजारात, सगळ्यांच्या म्होरं. आईला बोलले, पोरीचं बरोबर होतं, माझंच चुकलं, तिला वर्गात पाठवा. मंग दिवाळीला पन आलेले. मी घरातच होती. माज्यासमोर हात जोडले त्यांनी."

 मी विचारलं, "मग तू परत का आली नाहीस?"

"मला वाटलं दया करतायत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यानं जास्तच लागलं. "आईच्या ओळखीमुळं, नायतर वर्गात बोलले त्याचं वाईट वाटून. भरतीचं माजं बरोबर हाय, ते मला ठाऊकच होतं सर. पन प्रोग्रॅमातलं मला समजतं का नाय, ते कोन सांगनार? मधुकर सरांचा तर सोताचा प्रोग्रॅम. रागावले, मंग पस्तावले. माणसाचं तसंच असतं. पन तुमचं त्यात काय नव्हतं. तुमी गणिताचे. तुमी ती ओळ वाचली, आनि 'दोष आढळला नाही' लिवलं. अक्षर तुमचं होतं. मी बोलली, वसंत सर लिवतात म्हणजे माजंच वाचन चुकलं असणार. आपल्याला ह्यातलं कळत नाय. मंग सोडलं."

मधू, तो निष्कर्ष 'लिहिला गेला' नव्हता, मी लिहिला होता. निष्कर्ष सूत्रधार लिहितो आणि लिहिलेला निष्कर्ष सूत्रधारच खोडू शकतो. ते तुझ्या हातानं होण्यासारखं नव्हतं, हे तू मला चहाच्या टपरीवर सांगितलंस तेव्हा मी तुला लुळा म्हणालो. तू चार वर्षांत एकदाही म्हणाला नाहीस की वसंता, अक्षर तुझं आहे, आधी तू खोड. म्हणायला हवं होतंस. तुझ्यावरचा हा एक राग मात्र मी सोडणार नाही. मला वाचवायला गप्प बसलास की माझी परीक्षा बघत होतास, हे आता कुणाला विचारू? आणि ती भर बाजारातली गोष्ट तू मला का नाही सांगितलीस? मी तुझ्याकडे बघून घसा खाकरत होतो, तेव्हाही नाही.

आणि ती ओळ मला त्या दिवशीच कळली होती. तिनं 'तारीख?' विचारलं, तेव्हाच कळली. बेरीज-वजाबाकीचाच तर प्रश्न होता, माझाच विषय. पण त्या महिन्यात माझी नेमणूक कायम व्हायची होती आणि शिफारस तू लिहिणार होतास. तू कधी तसं सुचवलंही नव्हतंस. तुला ते लक्षातही नसेल. मी एकट्यानंच ठरवलं आणि पेन उघडलं.

तिनं कारण विचारलं नाही. मीच म्हणालो, "नयना, मला तेव्हाच कळलं होतं. तुझं बरोबर होतं. वाचनही आणि सगळंच." तिनं ते ऐकून घेतलं. चार वर्षांपूर्वी एका मिनिटात सांगता आलं असतं असं ते वाक्य होतं. तिनं पर्स काखेत नीट धरली आणि विचारलं, "सरांचा फोटू आत ठेवलाय ना?"

मी हो म्हटलं. ती चपला काढून आत गेली. दारातून मला दिसलं, ती तुझ्या फोटोपुढे वाकली, मग वहिनींजवळ जाऊन बसली, वहिनींनी तिचा हात धरला. दोघी बराच वेळ तशाच होत्या. वहिनींनी दोनदा मान वर करून मला शोधलं. मी सायकलींच्या आड उभा राहिलो. आत यायचं धैर्य मला झालं नाही.